नाव लोकांना आवडलं, पण ते तुमचं झालं का?



परवाच्या लाइव्हमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न कुठला, तर "सर, ब्रँडचं नाव काय ठेवू?" भांडवल, पॅकिंग, जीएसटी सगळं मागे पडलं. काही जणांनी तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान घेतलं आणि पहिलं आलेलं नाव मला पाठवून दिलं. उत्साह चांगला आहे. पण आज मी तुम्हाला अशा एका मालकाची गोष्ट सांगतो, ज्याने नावासाठी साडेआठ लाखांहून जास्त मतं गोळा केली, आणि तरीही लोकांच्या आवडीचं एक नाव त्याला सोडून द्यावं लागलं.

गोष्ट अमेरिकेतली आहे. हॉकीची आहे, पण आपली मैदानावरची हॉकी नव्हे, बर्फावरची. तिथे हॉकीचा संघ हा शुद्ध व्यवसाय असतो. मालक असतो, तिकिटं असतात, टी-शर्ट आणि टोप्या विकल्या जातात. आणि दुकान चालेनासं झालं की आपण जसं गाव बदलतो, तसा तिथे अख्खा संघच दुसऱ्या राज्यात जातो.

१२० कोटी डॉलर दिले, पण नाव आलं नाही

अ‍ॅरिझोना राज्यात 'कायोटीज' नावाचा संघ होता. शेवटी शेवटी त्यांच्याकडे स्वतःचं मोठं स्टेडियमही नव्हतं. विद्यापीठाच्या, पाच हजारांपेक्षाही कमी खुर्च्यांच्या हॉलमध्ये सामने व्हायचे. एप्रिल २०२४ मध्ये युटा राज्यातले उद्योजक रायन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅशली यांनी तिथले खेळाडू, प्रशिक्षक सगळं उचलून सॉल्ट लेक सिटीला आणलं. व्यवहार होता १२० कोटी डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण १० हजार कोटी रुपये.

आता गंमत बघा. एवढे पैसे मोजूनही 'कायोटीज' हे नाव, ते बोधचिन्ह, तो इतिहास यातलं काहीच त्यांच्याकडे आलं नाही. ते अ‍ॅरिझोनातच राहिलं. माणसं आली, सामान आलं, पाटी मागेच राहिली.

चालू दुकान विकत घेणाऱ्यांनी इथे थांबून दोनदा वाचा. "दुकान घेतलं" म्हणजे "नाव घेतलं" असं आपोआप होत नाही. व्यवहाराच्या कागदावर नावाचा वेगळा उल्लेख नसेल, तर उद्या जुना मालक पलीकडच्या गल्लीत त्याच नावाने पुन्हा शटर उघडू शकतो आणि तुम्ही भांडत बसाल.

नावावाचून धंदा अडला नाही

संघ हातात आला एप्रिलमध्ये आणि हंगाम सुरू होणार ऑक्टोबरमध्ये. सहा महिनेसुद्धा नाहीत. आपल्यातले बरेच जण अशा वेळी दोन टोकं गाठतात. एक तर घाईघाईत सुचेल ते नाव छापून टाकतात, नाहीतर "नाव ठरलं की सुरू करू" म्हणत वर्षभर बसून राहतात.

त्यांनी काय केलं? सरळ 'युटा हॉकी क्लब' अशी तात्पुरती पाटी लावली. जर्सीवर फक्त 'युटा' लिहिलं. रंग मात्र पहिल्या दिवसापासून पक्के केले: काळा, पांढरा आणि डोंगराचा निळा. ८ ऑक्टोबर २०२४ ला घरच्या बर्फावर पहिला सामना झाला आणि तो ५-२ ने जिंकलाही. अख्खा हंगाम या साध्या नावावर गेला.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. साधं, वर्णन करणारं नाव घेऊन काम सुरू करता येतं. तुम्ही डबे देता ना? मग पहिले सहा महिने बिलावर तुमचं आडनाव आणि 'घरगुती डबे' एवढं पुरे. चव जमू दे, गिऱ्हाईक बसू दे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये २०११ साली तर याच्याही पुढची गोष्ट झाली. अटलांटाचा संघ तिथे आला, तेव्हा नाव जाहीर होण्याआधीच १३ हजार सीझन तिकिटं संपली. लोकांना हॉकी हवी होती, नाव मागून आलं. ते होतं 'जेट्स', त्या शहरातल्या जुन्या संघाचं, लोकांच्या तोंडात बसलेलं.

मतं मिळाली, हक्क मिळाला नाही

इकडे युटामध्ये मतदान सुरू झालं. आधी वीस नावं, मग त्यातून निवडक, अशा चार फेऱ्या. पुढे पुढे एक नाव चांगलंच गाजलं, 'यती'. म्हणजे हिममानव. बर्फाच्या खेळाला अगदी शोभणारं. पोरासोरांनाही आवडलेलं.

पण अडचण अशी की 'यती' नावाची एक मोठी अमेरिकन कंपनी आहे. थंड पेयांच्या पेट्या, बाटल्या आणि मग बनवते, शिवाय कपडे आणि टोप्याही विकते. हॉकी संघही टोप्या विकणार, टी-शर्ट विकणार. गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल असं सांगत अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने नकार दिला. कंपनीशी बोलणी झाली, तीही फिसकटली. जानेवारी २०२५ मध्ये 'यती' यादीतून गेलं.

त्याच्या जागी 'वासॅच' हे तिथल्या डोंगररांगेचं नाव पुढे केलं. लोकांनी ते इतकं नापसंत केलं की दोन-तीन दिवसांत तेही काढून दुसरा पर्याय द्यावा लागला. शेवटी ७ मे २०२५ ला नाव जाहीर झालं, 'युटा मॅमथ'. मॅमथ म्हणजे हिमयुगातला केसाळ हत्ती. युटात त्याचे अवशेष सापडलेले आहेत, त्यामुळे नावाचं त्या मातीशी नातंही जुळलं. एप्रिल ते पुढच्या वर्षीचा मे, म्हणजे तेरा महिने लागले.

माझं मत स्पष्ट आहे. लोकांना विचारणं चुकलं नाही. 'वासॅच' चालणार नाही हे लोकांनीच वेळेवर सांगितलं. चुकला तो क्रम. जे नाव आपलं होईल की नाही याची खात्री नाही, ते लोकांसमोर ठेवायचंच नाही. एकदा लोकांचा जीव त्यात गुंतला की ते काढताना तुम्ही वाईट ठरता.

या गोष्टीत तुम्ही कोण आहात?

इथपर्यंत वाचून तुम्ही स्वतःला स्मिथ यांच्या जागी बघत असाल. मी म्हणतो, जरा थांबा. गोष्ट अजून संपलेली नाही.

ऑरेगन राज्यात हॉकीच्या किटबॅग बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तिचं नाव 'मॅमथ हॉकी', आणि हे नाव ती संघाच्या आधीपासून वापरत होती. संघाचं नाव जाहीर झाल्यावर तिने हरकत घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये संघच न्यायालयात गेला, की आमच्या नावामुळे या कंपनीच्या हक्काला धक्का लागत नाही असं जाहीर करा.

आपल्यातले शंभरातले नव्याण्णव जण या गोष्टीत तो बॅगवाला आहेत. उद्या तुमच्या चिवड्याच्या नावासारखं नाव घेऊन एखादी मोठी कंपनी बाजारात उतरली, तर तुमच्याकडे काय असेल? वकिलांची फौज नसेल. जाहिरातीचं बजेट नसेल. असतील फक्त कागद.

माझ्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. चटण्या करायच्या, हाताला चव अशी की नाव काढावं. कुलदैवताच्या नावाने ब्रँड केला, पाच हजार पाउच छापून घेतले. सात-आठ महिन्यांत एका जुन्या उत्पादकाच्या वकिलाची नोटीस आली. नाव जवळजवळ तेच होतं आणि त्यांची नोंदणी आधीची होती. ताई म्हणाल्या, "सर, देवाच्या नावावर पण कुणाचा हक्क असतो का हो?" मला त्या दिवशी पटकन उत्तर देता आलं नाही. त्यांनी पाउच घरात ठेवले आणि धंदाच बंद केला. चटणीत काही खोट नव्हती. तो कोर्स मी शिकवला होता आणि त्यात ट्रेडमार्कवर फक्त दहा मिनिटं होती. हे मला अजून टोचतं, म्हणून आज हे लिहितोय.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. २०१५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीच्या एका प्रकरणात सांगितलं की 'रामायण' या नावावर कुणी एकट्याने मक्तेदारी सांगू शकत नाही. म्हणजे देवाधर्माचं नाव घेतलं तर दोन्हीकडून पंचाईत. तुमच्यासारखे आणखी पन्नास जण तेच घेणार, आणि ते फक्त तुमचं आहे हे सिद्ध करणं अवघड. देव देव्हाऱ्यात ठेवा, बिलाच्या वर 'श्री' लिहा, पण ब्रँडला वेगळं नाव द्या.

मग क्रम कसा ठेवायचा?

पहिलं: दहा नावं लिहा. शुद्ध, उत्तम, गोड असे मालाचे गुण सांगणारे शब्द एकटे घेऊ नका, त्यांची नोंदणी अवघड जाते. गावाच्या नावाचंही तेच. शिवाय उद्या गाव बदललं तर? मिनेसोटाचा 'नॉर्थ स्टार्स' संघ १९९३ मध्ये दक्षिणेला डॅलसला गेला, तेव्हा त्यांना 'नॉर्थ' काढून नुसतं 'स्टार्स' करावं लागलं. आणि खुद्द सॉल्ट लेक सिटीत बास्केटबॉलचा 'युटा जॅझ' आहे. जॅझ हे न्यू ऑर्लिन्सचं संगीत, संघ तिथून १९७९ मध्ये आला आणि नाव तसंच राहिलं. आज ते चालतं, पण सगळ्यांनाच तेवढी वर्षं थांबणं परवडत नाही.

दुसरं: ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर सर्च करा. फुकट आहे. आपल्याकडे माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. मसाले ३० मध्ये, कपडे २५ मध्ये. नुसतं स्पेलिंग बघू नका, उच्चार सारखा असलेली नावंही शोधा.

तिसरं: जी दोन-तीन नावं उरतील, ती आता खुशाल व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. मतदान इथे घ्यायचं, आधी नाही.

चौथं: अर्ज करा. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर ४ महिने इतरांना हरकत घेता येते, तेव्हा लगेच गठ्ठ्याने पाउच छापू नका. आणि नोंदणी होईपर्यंत गोलातला 'आर' लावू नका, तो गुन्हा आहे.

पाचवं: पहिलं बिल, पहिलं लेबल, पहिली जाहिरात तारखेसकट जपून ठेवा. आधीपासून सतत नाव वापरणाऱ्याला आपला कायदा संरक्षण देतो, पण ते वापरणं दाखवता आलं पाहिजे.

शेवटी एक गैरसमज. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम किंवा जीएसटीच्या दाखल्यावर नाव आलं म्हणजे ब्रँड आपला झाला असं नाही. त्या नोंदी धंद्याच्या आहेत, नावाच्या मालकीच्या नाहीत.

४,५०० रुपये म्हणजे थोडे नाहीत, मला माहीत आहे. पण त्या ताईंच्या घरात पडलेल्या पाउचची किंमत त्याहून कितीतरी जास्त होती. आज रात्री जेवण झालं की मोबाइल घ्या आणि तुमचं नाव एकदा सर्च करून बघा. काय सापडलं ते मला कळवा, पुढच्या लाइव्हमध्ये त्यावरच बोलू.