आधी मोजा, मग खाद्य घाला

मीरा-भाईंदर म्हटले की खाडी, मिठागरे आणि उत्तनची समुद्रातील मासेमारी आठवते. परंतु मासे गोड्या पाण्याच्या तळ्यातही वाढवता येतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिन्ही एकत्र सोडतात. उत्पादन वाढवायचे तर बोटुकली जास्त सोडावी, पेंड व कोंडा जास्त घालावा, असा पुष्कळांचा समज असतो. मला तो धोक्याचा वाटतो.

असे का? ३० अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. दिवसा पाण्यातील सूक्ष्म शेवाळ त्यात भर घालते. रात्री मात्र मासे, शेवाळ आणि कुजणारे उरलेले खाद्य सर्वांमुळे तो खर्च होतो. म्हणून पहाटे साठा सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. वर्षभराचे पीक एका रात्रीत जाऊ शकते.

विद्यार्थी मित्रांनो, यावर मोजमाप हाच उपाय. २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडा. गढूळ नसलेल्या तळ्यात ती ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार दाट झाले. खत व खाद्य थांबवून ताजे पाणी घ्यावे. इटलीच्या सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रात वापरलेली ही युक्ती शिक्षकांनी मुलांकडून अवश्य करवून घ्यावी. मत्स्यशेतीला पेंडीच्या पोत्याइतकीच नोंदवहीचीही गरज आहे.