शस्त्रक्रिया झाली, खात्रीचे काय?

दरवर्षी २१ नोव्हेंबरपासून ४ डिसेंबरपर्यंत सरकारी आरोग्ययंत्रणा पुरुष नसबंदीचा पंधरवडा पाळते. फलक लागतात, सभा होतात, शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्या मूठभर पुरुषांचे कौतुकही होते. त्यात वावगे काही नाही. तथापि, ज्याच्यावर शस्त्रक्रिया होते त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दिवस या पंधरवड्यात येतच नाही. तो येतो तीन महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्या वेळी त्याच्या वीर्याची तपासणी व्हावयाची असते आणि त्यात शुक्राणू नाहीत असे दिसले तरच नसबंदी सफल झाली असे म्हणता येते. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे नसबंदीचे प्रमाणपत्रही या तपासणीनंतरच द्यावयाचे असते. त्या दिवसाचा फलक मात्र कोठे लागत नाही.

हा तीन महिन्यांचा अवधी कशासाठी, हे समजून घेणे कठीण नाही. बिनटाक्याची नसबंदी ही आज अत्यंत सोपी शस्त्रक्रिया आहे. चीनमधील डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली ही पद्धत विकसित केली. तेवढ्या जागेपुरती भूल देतात, एका बारीक छिद्रातून शुक्रवाहिन्या बाहेर घेऊन बांधतात व कापतात आणि माणूस त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो. परंतु धरणाचे दार बंद केले तरी पुढच्या कालव्यातले पाणी काही काळ वाहतच राहते. त्याचप्रमाणे कापलेल्या जागेच्या पुढे उरलेले शुक्राणू बाहेर पडून संपण्यास काही आठवडे लागतात. तोपर्यंत निरोध वापरणे अटळ आहे. शिवाय क्वचित कापलेली टोके आपोआप पुन्हा जुळतात. बाहेरून याची कोणतीही खूण दिसत नाही. खात्रीचा मार्ग एकच, तपासणीचा.

मग ही तपासणी का टळते? आळस आणि अज्ञान ही ठरावीक उत्तरे झाली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे पाहिले म्हणजे अधिक खरे उत्तर सापडते. १९४९ पर्यंत हे दोन्ही जिल्हे बव्हंशी एकच होते आणि आजही त्यांच्या दुष्काळी व डोंगराळ तालुक्यांचे जीवन एका बाबतीत सारखे आहे. येथला कर्ता पुरुष पोटासाठी बाहेर असतो. पाटण-जावळीचा माथाडी कामगार मुंबई, नवी मुंबईत ओझी वाहतो. खानापूर-आटपाडीचा गलाई कारागीर दक्षिणेत वा उत्तरेत कोठेतरी दूरच्या शहरात सोने-चांदी गाळीत बसलेला असतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतील जवान सीमेवर असतो. ही माणसे दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला घरी येतात आणि नसबंदी करावयाची तर तेवढ्याच रजेत करतात. तीन महिन्यांनी त्यांना तपासणीसाठी परत आणणार कोण? एका बाटलीसाठी दोन दिवसांचा प्रवास आणि तितक्याच दिवसांची मजुरी कोण सोडील?

जो गावातच असतो त्याची अडचण निराळी. प्राथमिक आरोग्य केंद्रात वीर्याचा नमुना द्यावयाचा म्हणजे आडोसा हवा. तो असतोच असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काच धरणारा तंत्रज्ञ शेजारच्या वाडीचा, दाराशी बसलेली मंडळी ओळखीची. अशा ठिकाणी हातात बाटली घेऊन उभे राहण्यापेक्षा ‘सारे ठीक असणार’ असे मनाला समजावणे पुरुषाला सोपे वाटते. या संकोचाला हसून चालणार नाही. त्याला वाट करून दिली पाहिजे.

कारण या संकोचाची किंमत तो पुरुष देत नाही, त्याची पत्नी देते. न तपासलेल्या शस्त्रक्रियेनंतर तिला दिवस गेले, तर गाव शुक्रवाहिनीचा विचार करीत नाही. गाव तिच्याकडे बोट दाखवते. नवरा परगावी असेल तर ते बोट अधिकच ताठ होते. त्याच्याजवळ शस्त्रक्रियेचा कागद असतो, तिच्याजवळ केवळ तिचा शब्द. शस्त्रक्रिया फसणे म्हणजे डॉक्टरांचा निष्काळजीपणाच असे मानता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पंजाब राज्य विरुद्ध शिवराम या खटल्यात दिला आणि ते शास्त्राला धरूनच आहे. फसलेल्या शस्त्रक्रियेसाठी सरकारची भरपाईची योजनाही आहे. पण चारित्र्यावर उडालेल्या शिंतोड्यांची भरपाई कोणत्या योजनेत बसते? सूक्ष्मदर्शकाखालची एक काच हा सारा अनर्थ टाळू शकते. संसार राखणारी ही तपासणी औपचारिक मानणे हा शुद्ध अविचार होय.

या अविचाराला इतिहास आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या व त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली संमत करण्याचा मान, मान म्हणावयाचा तर, महाराष्ट्राच्या विधिमंडळाकडे जातो; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही एवढेच. त्या काळात उद्दिष्ट मोजले जाई ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर. पुढे त्या माणसाचे काय झाले हे कोणी विचारले नाही. पुरुषांचा विश्वास उडाला आणि कुटुंबनियोजनाचा भार स्त्रियांवर सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीने नसबंदी केलेल्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. हा विश्वास परत मिळवावयाचा तर ‘आकडा भरला’ यावर न थांबता ‘खात्री झाली’ येथपर्यंत जावे लागेल.

म्हणूनच घरच्या घरी करावयाच्या तपासणीचा विचार गंभीरपणे व्हावयास हवा. अमेरिकेत अशा एका संचाला २००८ साली मान्यता मिळाली. शुक्राणूच्या शिरोभागी असलेले एक विशिष्ट प्रथिन हा संच ओळखतो आणि गरोदरपणाच्या घरगुती चाचणीप्रमाणे काही मिनिटांत उत्तर देतो. ब्रिटनमध्ये वीर्याचा नमुना टपालाने प्रयोगशाळेकडे पाठविण्याची सोय आहे. हे आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. गरोदरपणाच्या चाचणीचा ‘निश्चय’ संच आशा कार्यकर्तींनी कधीच खेड्यापाड्यांत पोहोचविला आहे. आणि २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या मायलॅबने तयार केलेल्या करोनाच्या घरगुती चाचणीला मान्यता मिळाल्यावर सामान्य माणसांनी घरात बसून ती केली.

अर्थात या संचाच्या मर्यादा झाकून चालणार नाही. प्रति मिलिलिटर अडीच लाखांहून कमी शुक्राणू असतील तर तो ते दाखवीत नाही. शुक्राणू जिवंत की मृत हेही त्याला कळत नाही. आपल्या नियमांना अपेक्षित असलेला शुक्राणूंचा पूर्ण अभाव केवळ सूक्ष्मदर्शकच सांगू शकतो. घरगुती संच ही चाळणी आहे, निकालपत्र नव्हे. चाचणीत शुक्राणू दिसले तर निरोध चालू ठेवावा व पुन्हा तपासावे. न दिसले तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा, हाच क्रम योग्य. केवळ संचावर विसंबून निरोध सोडणे धोक्याचे ठरेल.

तेव्हा करावयाचे ते फारसे खर्चाचे नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशीच तपासणीची तारीख लिहिलेला कागद आणि नमुन्याची बाटली हाती द्यावी. नमुना घरी घेऊन बंद पिशवीत केंद्रात पोहोचता करण्याची मुभा असावी. परगावी असणाऱ्यास तो जेथे राहतो तेथल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात, नवी मुंबईत असो वा तामिळनाडूत, तपासणी करून घेता यावी आणि अहवाल मूळ केंद्राकडे जावा. घरगुती संच प्रथम थोड्या गावांत, प्रयोगशाळेच्या तपासणीच्या जोडीने वापरून पाहावा. अशा प्रयोगास सातारा-सांगलीइतकी योग्य भूमी दुसरी क्वचितच असेल. नवविवाहितांनी पहिले मूल लांबवावे म्हणून रोख बक्षिसाची योजना २००७ साली साताऱ्यानेच काढली होती आणि वैद्यकीय सेवेचा मिरजेचा लौकिक तर शतकाहून जुना आहे.

आणि आरोग्य खात्याने आपल्या अहवालात आणखी एक रकाना आखावा. किती शस्त्रक्रिया झाल्या, याच्या शेजारी कितींची तपासणी पूर्ण झाली हेही छापावे. पहिला आकडा सरकारच्या समाधानासाठी असतो. दुसऱ्या आकड्यावर एखाद्या घरातील बाईची मान ताठ राहणे अवलंबून असते.