पेप्टाइड: आशा किती, आवाका किती?

कर्करोगात बहुतेकदा जीवावर बेतते ते तो शरीरात पसरल्यामुळे. म्हणूनच 'पेप्टाइडने कर्करोगाचा फैलाव थांबतो' असा संदेश मोबाइलवर आला की घरोघरी आशा जागते. नांदेड-परभणीकडचे नातेवाईक उपचारांसाठी हैदराबादला येतात, काचीगुड्यात आपल्याकडे उतरतात आणि हाच प्रश्न विचारतात. तेव्हा यात तथ्य किती, हे आपल्याला माहीत असावे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. पसरलेल्या कर्करोगात तिचा चांगला उपयोग झाला तो न्यूरोएंडोक्राइन गाठींवर. अभिनेते इरफान खान यांच्या आजारामुळे २०१८ मध्ये हे नाव सर्वांच्या कानावर आले. यांतल्या बऱ्याच गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक असतात. त्या संप्रेरकासारखे, आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड तिथे जाऊन चिकटते. त्याला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडले की गाठ जिथे पसरली असेल तिथे किरणे पोहोचतात. म्हणजे पेप्टाइड पोस्टमनचे काम करते. पेशी मारतात त्या किरणांनी. भाभा अणुसंशोधन केंद्र हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार करते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार दिला जातो.

फायदा किती? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नेटर-१' चाचणीत आतड्यातून पसरलेल्या गाठींचे २२९ रुग्ण होते. २० महिन्यांपर्यंत आजार न बळावलेल्यांचे प्रमाण या उपचाराने सुमारे ६५ टक्के, तर तुलनेच्या गटात सुमारे ११ टक्के होते. पुढे आयुर्मान मोजले, तेव्हा मध्यक ४८ विरुद्ध ३६ महिने आला. पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. तुलनेच्या गटातल्या अनेकांनी नंतर हाच उपचार घेतला, हेही त्याचे एक कारण असू शकते. थोडक्यात, आजार बराच काळ रोखला जातो. मुळासकट गेला असे नव्हे.

स्तन किंवा तोंडाच्या नेहमीच्या कर्करोगाला हा उपचार लागू नाही. त्यामुळे डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: गाठ नेमकी कोणत्या प्रकारची? गॅलियम-६८ पेट स्कॅनमध्ये ग्राहक दिसतात का? मूत्रपिंड आणि रक्तपेशी हा उपचार सोसतील का? इंटरनेटवर मिळणारी 'पेप्टाइड'ची कुपी यांतले काहीच तपासत नाही. तिच्यापायी पैसे जातात, आणि त्याहून मोलाचे म्हणजे उपचाराचे दिवस हातचे जातात.