परसबाग : आधी चोर ओळखा

तीन महिने खतपाणी घालून वाढवलेल्या टोमॅटोवर लाली चढते आणि नेमके त्याच दिवशी झाड आडवे झालेले दिसते. घरच्या बागेचे हे दुःख सिमल्यापासून सावंतवाडीपर्यंत सारखेच. मग घाईघाईने कुणी जाळे आणतो, कुणी विष. पण माकडावरचा उपाय घुशीला चालत नाही आणि घुशीवरचा पोपटाला. म्हणून बाजारात जाण्याआधी वाफ्यातल्या खुणा पाहाव्यात.

खुणा कशा ओळखाल?

दिवसाढवळ्या फांद्या मोडलेल्या, अर्धवट खाल्लेली फळे इकडेतिकडे फेकलेली, तर ते काम माकडांचे. रात्रीतून रताळी उकरली, झाडाच्या बुंध्याची साल कुरतडली आणि जवळपास काळा-पांढरा काटा सापडला, तर साळिंदर. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग म्हणजे घूस. फळ झाडावरच असून चोचीने टोकरलेले असेल, तर पोपट किंवा बुलबुल.

उकरणाऱ्यांसाठी जाळी

घूस आणि साळिंदर कुंपणाखालून शिरतात. त्यामुळे कुंपणाच्या तळाशी लोखंडी जाळी फूटभर खोल पुरावी व तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवावी. घुशीसाठी जाळीची भोके अर्ध्या इंचापेक्षा मोठी नसावीत.

पक्ष्यांसाठी पिशवी

तिखटाचे पाणी खार, उंदीर यांना काही प्रमाणात दूर ठेवते. पावसानंतर ते पुन्हा फवारावे लागते. पक्ष्यांना मात्र मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. पोपट मिरची आवडीने खातो तो त्यामुळेच! त्यांच्यासाठी जुन्या सुती कापडाच्या पिशव्या शिवून फळांवर बांधाव्यात. बुजगावणे किंवा चमकणारी पट्टी लावली, तर दर दोन-चार दिवसांनी जागा बदलावी, नाहीतर पक्षी सरावतात. जाळे लावायचे तर ते चौकटीवर ताणून बसवावे. लोंबत्या जाळ्यात धामण अडकून मरते आणि उंदीर खाणारा आपला मित्रच जातो.

माकडांपुढे काय करावे?

माकडाला कुंपणाचे काय? वरून बंद असा छोटा पिंजरा करून त्यात नाजूक भाज्या लावाव्यात. उघड्यावर हळद, आले, सुरण, अळू, मिरची, कारली लावावीत. यांच्या वाटेला माकडे सहसा कमी जातात. टोमॅटोवर लालीची पहिली छटा दिसताच तो तोडून घरात ठेवावा. तो घरातही चांगला पिकतो.

हे मात्र करू नका

विष घातलेला उंदीर घुबडाने किंवा घरच्या मांजराने खाल्ला, तर त्यांचाही जीव जाऊ शकतो. शिवाय अंगणात लहान मुले खेळतात. कुंपणात घरातली वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्यात जाणारा जीव शेजाऱ्याचाही असू शकतो. मोर, वानर, साळिंदर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. उपद्रव फारच वाढला, तर वन विभागाला कळवावे. माकडाने चावा घेतला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

एक गोष्ट आपल्याच हातात आहे. दिल्लीत २००७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर माकडे पकडून असोला-भाटी अभयारण्यात सोडण्यात आली, तरी वस्तीतली माकडे काही संपली नाहीत. जिथे खायला मिळते, तिथे ती येणारच. शनिवारी भक्तिभावाने दिलेले केळे त्यांना आपल्या घराची वाट दाखवते. तेव्हा खरकट्याचा डबा झाकून ठेवा, सडकी फळे रोज उचला आणि माकडांना खाऊ न घालण्याचे सगळ्या आळीने मिळून ठरवा. एकट्या घराने पाळून भागत नाही.