येडाईचा डोंगर

चैत्री पौर्णिमा आली की धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्याच्या वाटा भाविकांनी फुलून जातात. बालाघाटाच्या रांगेतील हा डोंगर फार उंच नव्हे. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्यास तो टेकडीच भासेल. परंतु त्यावर श्रीयेडेश्वरीचे ठाणे आहे, आणि ही तुळजापूरच्या जगदंबेची भगिनी अशी श्रद्धा आहे.

नावाची कथा अशी सांगतात. सीताविरहाने व्याकुळ प्रभू रामचंद्र या रानातून जात असता त्यांची परीक्षा पाहावी म्हणून पार्वतीने सीतेचे रूप घेतले. प्रभूंनी ओळखले व म्हटले, 'तू वेडी आहेस.' त्या वेडीची झाली येडाई.

तारुण्यात आम्ही ही कथा कीर्तनात खोडून काढीत असू. वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम वृक्षांना सीतेचा ठाव विचारतात. हा प्रसंग मात्र तेथे नाही. एवढे सांगितले की आमचे पांडित्य कृतार्थ होई! एकदा पूर्वरंगातच एक वृद्धा उठून म्हणाली, "बुवा, लेकीला येडी कोन म्हनतं? मायबापच की." त्या दिवशी पुढचे आख्यान काही रंगले नाही.

पुढे तुलसीदासांचे मानस नव्याने वाचले. तेथेही सती सीतेचे रूप घेते; पण त्यापायी शंकर मनोमन तिचा त्याग करतात. आमच्या बालाघाटाने तिला टाकले नाही; राहावयास डोंगर दिला आणि त्या लाडक्या शब्दानेच हाक मारली. म्हणून 'येडाई' हे नाव ग्राम्य ठरवून केवळ संस्कृत रूप रूढ करू पाहणाऱ्या आमच्या कीर्तनकार बंधूंशी आमचा मतभेद आहे.

तीच गोष्ट चुनखडीची. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगर उतरते. चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचून ढीग घालतात. तो चुना मंदिराच्या रंगसफेदीस लागतो. मग पालखी आमराईत मुक्कामास जाते. कोणी म्हणेल, चुना बाजारात मिळतो, वर्गणी द्यावी. वर्गणीत सावकाराचा आकडा मोठा आणि मजुराचा लहान होतो. रानात मात्र दोघांनाही वाकावे लागते, आणि कोणता खडा कोणाचा हे ढिगात ओळखू येत नाही.

गतवर्षी आम्हीही वेचले. कंबर धरली होती, खडे चारच सापडले. शेजारच्या पोराने आपल्या मुठीतील एक आमच्या हाती दिला.