करडं बाटलीवर की आईजवळ?



बाटलीने करडं पाजायचे व्हिडिओ बघून काही जण विचारतायत, आपणपण सगळी करडं बाटलीवर घेऊ का? माझं मत, नको. त्या व्हिडिओतल्या शेळ्या बहुतेक दुधाच्या, सानेनसारख्या. दूध विकायचं असतं म्हणून करडू वेगळं करतात. आपली कोकण कन्याळ मटणाची जात. तिचं दूध करडाच्याच पोटात जाऊ दे, पैसे बोकडाच्या वजनात मिळतात.

शिवाय बाटली म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा कोमट दूध, दरवेळी बाटली आणि बूच गरम पाण्याने धुणं. हे काम शेवटी घरातल्या बाईवरच पडतं, ते कोणी हिशोबात धरत नाही. त्यात आपला पाऊस, दमट गोठा. बाटली नीट धुतली नाही तर करडं हगवणीला लागतात.

मात्र आई मेली, कासदाह झाला, किंवा तीन करडं होऊन अशक्त करडाला सडच मिळत नसेल, तर बाटली घ्याच, वाट बघू नका. आधी चीक, तोही तासाभरात. २४ तासांत वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे २ किलोच्या करडाला २०० मिली, थोडा थोडा करून. त्यानंतर चिकातली रोगप्रतिकारशक्ती करडाच्या रक्तात उतरत नाही. आईचा नसेल तर दुसऱ्या ताज्या व्यालेल्या निरोगी शेळीचा चालतो. पाजताना करडू उभं ठेवा; आडवं पाडून पाजलं की दूध फुफ्फुसात जातं.

आईजवळच्या जुळ्यांचीही पोटं रोज चाचपा. एकाचं खपाटीला गेलेलं दिसलं तर त्याला आधी सडाला लावा.