भंडारा ते झाशी : आगीची नोंद कोण ठेवणार?

झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि त्या रात्री 10 बालके दगावली. हे वृत्त वाचताना महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात दुसरी एक रात्र जागी झाली असेल. 9 जानेवारी 2021. भंडारा जिल्हा रुग्णालय. तेथेही कक्ष नवजातांचाच, वेळ मध्यरात्रीनंतरची आणि बळींची संख्या 10. कक्षात 17 बालके होती, त्यांपैकी 7 वाचली. दोन्ही घटनांमध्ये जेमतेम 3 वर्षे 10 महिन्यांचे अंतर. मधल्या काळात, मे 2024 मध्ये, दिल्लीच्या विवेक विहार भागातील एका खासगी बाल-रुग्णालयातही नवजात अर्भके आगीत गेली. ज्यांना अजून नावही ठेवलेले नव्हते, अशी ही मुले. जन्म झाला म्हणून ज्या घरांत पेढे वाटले गेले असतील, त्या घरांवर काय ओढवले, याची कल्पनाही करवत नाही.

भंडाऱ्यात काय घडले, कसे घडले, हे झाशीला ठाऊक होते काय? असेल तर मग दुर्घटना पुन्हा कशी घडली? आणि नसेल, तर ते ठाऊक करून देण्याचे काम कोणाचे होते?

आगीनंतरचा क्रम आता ठरून गेला आहे. पंतप्रधान साहाय्यता निधीतून मृतांच्या वारसांना 2 लाख रुपये, राज्य सरकारकडून त्याहून काही अधिक, चौकशी समिती, दोन-चार निलंबने, आणि आठवडाभरात राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश. मदतीबद्दल कोणी तक्रार करू नये, ती दिलीच पाहिजे. परंतु एक विसंगती डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. आग लागल्यानंतर दिल्ली काही तासांत घटनास्थळी पोहोचते. आग लागण्यापूर्वीचा प्रश्न विचारला की मात्र ‘अग्निशमन हा राज्यांचा विषय’ हे उत्तर मिळते. राज्य सरकार म्हणते, हे काम नगरपालिकेचे. नगरपालिका म्हणते, इमारतीची जबाबदारी मालकाची. मालक ठेकेदाराकडे बोट दाखवितो आणि ठेकेदार कधीच गाव सोडून गेलेला असतो.

घटनेचा आधार घ्यायचा तर 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवावयाच्या कामांची यादी आहे. तीत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. ही व्यवस्था चूक आहे असे नाही. चिपळूणच्या बाजारपेठेत बंब किती मिनिटांत पोहोचावा, हे दिल्लीत बसून ठरविता येणार नाही आणि ठरवूही नये. पाणी, शिडी, जवान आणि बंब ही स्थानिक बाब आहे. पण आग विझविणे आणि आग टाळणे ही दोन कामे भिन्न आहेत. विजेची तार कोणत्या दर्जाची असावी, छताला कोणते साहित्य वापरू नये, अतिदक्षता कक्षात एका वाहिनीवर किती यंत्रे चालवावीत, या प्रश्नांची उत्तरे चिपळुणात एक आणि झाशीत दुसरी, अशी असू शकत नाहीत.

जबाबदारी विखुरली की काय होते, याचा धडा या देशाला मुंबईतच मिळाला होता. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि सोबतीला कापसाच्या गाठी, असा मुळातच भयंकर शेजार. दुपारी धूर दिसला. जहाज बाहेर समुद्रात न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय घ्यायचा कोणी? बंदराचे अधिकारी होते, लष्कराचे होते, जहाजाचा कप्तान होता, अग्निशमन दलाचे प्रमुखही होते. सगळे उपस्थित आणि अंतिम शब्द कोणाचाच नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. पाण्याचे फवारे मारत उभे असलेले अग्निशमन दलाचे 66 जण त्यात मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. डॉ. आंबेडकर जयंतीच्या मोठ्या सोहळ्यात तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. शर्टाच्या खिशाला लावलेली छोटी कागदी पताका एवढीच त्याची खूण.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकार अगदीच स्वस्थ बसले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1950 च्या दशकात स्थायी अग्निशमन सल्लागार समिती आली. 1956 साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरला हलविण्यात आले. 1958 साली केंद्राने एक आदर्श विधेयक तयार करून राज्यांकडे पाठविले. 1970 मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली. 1983, 2005 आणि 2016 मध्ये तिची सुधारित रूपे निघाली. तिचा चौथा भाग केवळ अग्निसुरक्षेला वाहिलेला आहे आणि तो उत्तम आहे. अडचण एवढीच की ती संहिता शिफारसवजा आहे. राज्याने वा महापालिकेने आपल्या नियमांत ती उतरवली तर बंधनकारक, नाहीतर ग्रंथालयाची शोभा. 2019 साली केंद्रीय गृह मंत्रालयाने पुन्हा एकदा राज्यांकडे आदर्श विधेयक धाडले. 1958 चे आदर्श, 2019 चेही आदर्श. मधली 61 वर्षे किती राजवटींच्या खात्यावर मांडावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

2023 पासून मात्र निधीच्या बाबतीत एक पाऊल पुढे पडले. राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण यांसाठी केंद्राने 5,000 कोटी रुपयांची योजना आणली. त्यातील 500 कोटी रुपये कायदेविषयक व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले. केवळ पत्रे पाठविण्याऐवजी सुधारणेला पैशाची जोड देण्याचा हा मार्ग योग्यच म्हटला पाहिजे. नवे बंब आले, शिड्या आल्या तर ते स्वागतार्हच आहे. परंतु भंडाऱ्याची आणि झाशीची मुले बंबाच्या अभावी गेली नाहीत. धुराने भरलेल्या बंद खोलीत अर्भकाजवळ असतात ती मोजकी मिनिटे. बंब कितीही वेगाने आला तरी तो उशिराच येतो.

या ठिकाणी ‘शॉर्ट सर्किट’ या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्याकडे कोणतीही आग लागो, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात हा शब्द हजर असतो, आणि तो आला की जणू चौकशी संपली. वास्तविक तो कारण सांगत नाही, कारण झाकतो. तारा एकमेकींना भिडल्या तर योग्य क्षमतेची संरक्षक कळ तत्क्षणी वीज तोडते; तिचे कामच ते. तरीही आग लागते याचा अर्थ तार भाराच्या मानाने बारीक होती, किंवा वारंवार वीज जाते म्हणून कोणीतरी जास्त क्षमतेची कळ बसवून ठेवली होती. अनेकदा तारा भिडलेल्याही नसतात. एखादा सांधा सैल असतो, तो तापत राहतो, वेष्टन वितळते, आणि त्या कळेला याचा पत्ताही लागत नाही. अतिदक्षता कक्षात यंत्रे चोवीस तास चालतात, तेथे प्राणवायूचा वापर अखंड असतो, गाद्या फोमच्या, छत प्लास्टिकचे. प्राणवायू अधिक असेल तेथे एरवी विझून जाणारी ठिणगी भडकते. तेव्हा कोणती तार, कोणता सांधा, किती भार, गजर वाजला की नाही, दार कोणत्या बाजूला उघडत होते, हे तपशील म्हणजेच पुढच्या रुग्णालयासाठीचे औषध होय. ते तपशील आज जिल्ह्याच्या एखाद्या कपाटात फाईलबंद होतात.

रेल्वेचा अपघात झाला तर चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असतात. चौकशी करणारा ज्याची चौकशी करावयाची त्याच्या हाताखाली नसावा, हा त्यामागचा साधा विचार. विमान अपघातांसाठी 2012 पासून स्वतंत्र तपास विभाग आहे. मग इमारतींच्या आगींसाठी असे काहीच का नसावे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात आगीच्या दुर्घटनांत 7,435 माणसे मरण पावली. एवढ्या मोठ्या जीवितहानीची चौकशी करावयाची ती त्याच यंत्रणांनी, ज्यांनी परवाना दिला होता किंवा जो नसताना डोळेझाक केली होती!

अमेरिकेतही अग्निशमन हे स्थानिक काम आहे. तेथे तर कित्येक गावांत ते स्वयंसेवकच सांभाळतात. 1973 साली राष्ट्रीय आयोगाने ‘अमेरिका बर्निंग’ हा अहवाल दिला. पुढच्याच वर्षी संघराज्य सरकारने कायदा करून तीन कामे अंगावर घेतली : आगींची नोंद, संशोधन आणि प्रशिक्षण. बंब गावांकडेच राहिले. परक्यांचे सर्वच काही अनुकरणीय नसते, पण हे घ्यावयास हरकत नसावी.

केंद्राला अधिकार नाहीत, हा युक्तिवादही तपासून पाहावा असा आहे. आपत्ती निवारण हा विषय घटनेच्या कोणत्याही सूचीत नावानिशी नव्हता. तरी समवर्ती सूचीतील सामाजिक सुरक्षेच्या नोंदीचा आधार घेऊन संसदेने 2005 साली आपत्ती व्यवस्थापन कायदा केला आणि सर्व राज्यांनी तो स्वीकारला. वीज हा तर समवर्ती विषयच आहे. इच्छा असेल तर वाट निघते, हे आपल्याच संसदेने दाखवून दिले आहे.

इच्छा नसेल तेव्हा न्यायालयाला बोलावे लागते. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी एका शाळेत 94 मुले जळून मेली. त्यानंतर शाळांनी राष्ट्रीय इमारत संहितेतील अग्निसुरक्षेच्या तरतुदी पाळाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 रोजी बजावले. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 प्रेक्षक गुदमरून मेले. त्याच इमारतीत 1989 साली रोहित्रामुळे आग लागून गेलेली होती. आठ वर्षांपूर्वीचा इशारा, त्याच भिंतींनी दिलेला! सुरतच्या शिकवणी वर्गात 24 मे 2019 रोजी 22 विद्यार्थी गेले. पाच वर्षे आणि एका दिवसानंतर त्याच गुजरातेत, राजकोटच्या खेळघरात 27 जण. आणि 6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यात हडफडे येथील एका नाइट क्लबमध्ये 25. प्रत्येक वेळी बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या, आणि प्रत्येक वेळी ‘आता कडक तपासणी’.

समाजानेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अधिनियमानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने वा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. किती गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत या कागदाची चौकशी होते? रंग कोणता द्यावा यावर तास-दीड तास चर्चा रंगते; जिन्यातल्या नळीला पाणी येते का, हे कोणी विचारत नाही. आणि हे केवळ संस्थांपुरते नाही. हरियाणातील डबवाली येथे 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाला आग लागून 400 हून अधिक जण मेले, त्यांत बहुसंख्य मुले. उत्सवांचे मांडव, संमेलने, वसतिगृहे, शाळा उभ्या करणारे कार्यकर्ते याच वाचकवर्गात आहेत. कृत्रिम धाग्याचे कापड, एकच प्रवेशद्वार आणि उघड्यावर जोडलेल्या तारा यांबाबत मंडपवाल्याला दोन प्रश्न विचारण्यास सरकारची गरज लागत नाही.

तरीही जे सरकारनेच करावयाचे ते सरकारनेच केले पाहिजे. अमुक संख्येहून अधिक बळी घेणाऱ्या प्रत्येक आगीची चौकशी राज्याबाहेरच्या, स्वतंत्र आणि तज्ज्ञ पथकाने करावी, तिचा अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा, भारतीय भाषांत व्हावा, आणि त्यातील सूचना देशातील त्या प्रकारच्या प्रत्येक इमारतीच्या प्रमुखाकडे जाव्यात. प्रोत्साहनाचा निधी मिळण्यासाठी राज्याने असे पथक स्वीकारण्याची अट असावी. खर्च फारसा नाही. माणसेही नव्याने शोधावी लागणार नाहीत. अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी देणारे केंद्राचे महाविद्यालय नागपुरात जवळजवळ सत्तर वर्षे उभे आहे, देशभरातील अधिकारी तेथेच शिकून जातात. भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय तेथून सुमारे 60 किलोमीटरवर आहे.